वर्गात बोलतात सगळे, ऐकतं कोण? चर्चेचा तास तुम्ही कसा घेता?

पाटी_पेन्सिल

कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला मराठी आणि राज्यशास्त्र शिकवते. मुलांना स्वतःचं मत मांडता यावं आणि दुसऱ्याचं नीट ऐकून घेता यावं, यासाठी वर्गात नेमकं काय करता, हे विचारायला हा धागा काढलाय. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

आधी माझं निरीक्षण. बोलण्याची तयारी आपण भरपूर करून घेतो. शाहू जयंती आली, टिळक पुण्यतिथी आली, पंधरा ऑगस्ट आला की वक्तृत्व स्पर्धा ठरलेली. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग' इथून सुरुवात, घरच्यांनी लिहून दिलेलं भाषण, ठरलेले हातवारे, शेवटी एखादा शेर. या सगळ्यात समोर बसलेल्या पोरांचं काम काय? टाळ्या वाजवणं. वादविवाद स्पर्धेत ऐकायचं ते समोरच्याचं खोडून काढण्यापुरतं. श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चार कौशल्यं आपण टाचणवहीत लिहितो, पण श्रवणासाठी म्हणून वेगळा तास घेतलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही. ऐकणं आपोआप येतं असं आपण धरून चालतो. ते येत नाही, शिकवावं लागतं, असं माझं ठाम मत झालंय.

दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींचा पाठ आहे. तो शिकवताना मी हद्दवाढीचा विषय घेते. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, आणि शहराची हद्द वाढवायची की नाही हा वाद वर्षानुवर्षं पेटतो, विझतो, परत पेटतो. माझ्या वर्गात पेठांतली मुलं आहेत, तशी शहराला लागून असलेल्या पाचगाव, कळंबा, उचगाव या गावांचीही आहेत. म्हणजे दोन्ही बाजू एकाच बाकावर. पाचगावचा एक मुलगा उठून म्हणाला, "तुमच्यात आलो तर घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षण पडणार. आणि देणार काय? आधी तुमचे रस्ते बघा की!" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकांवरून सुरू झालं, "मग केएमटीनं कशाला येताय? सीपीआरला कशाला येताय?" (केएमटी म्हणजे शहराची बससेवा, सीपीआर म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय.) दोन्हीकडं तथ्य आहे. पण आवाज निवल्यावर मी पाचगावच्या मुलाला विचारलं, "शहरातल्यांचं म्हणणं काय आहे, सांग बघू." त्याला सांगता येईना. पेठेतल्यांना त्याचं सांगता येईना. ते भांडले मात्र जोरात.

तेव्हापासून एक नियम ठेवलाय: आधी त्याचं सांग, मग तुझं. आणि ज्याचं म्हणणं सांगितलं तो "व्हय, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. या एका नियमानं चर्चेचा वेग उतरतो. पेठेतल्या एका मुलानं समोरच्याचं म्हणणं सांगितलं, "त्याला पैसे जास्त भरायचे नाहीत." पाचगावचा म्हणाला, "न्हाई. पैशाचं नाही म्हणत मी. शेत गेलं तर आज्जा काय करणार, हे म्हणतोय." वर्गातलं भांडण घरफाळ्यावरून चाललं होतं आणि त्याच्या मनात आजोबांचं शेत होतं. नियम नसता तर हे तासभर ओरडूनही बाहेर आलं नसतं.

पण माझे प्रश्न संपलेले नाहीत. एक, निम्मा वर्ग तोंडच उघडत नाही, त्यांचं काय करायचं? दोन, कुणी वेगळं बोललं की खिदळणं सुरू होतं, ते नुसतं दटावून थांबत नाही. तीन, मुलं शेवटी माझ्या तोंडाकडं बघतात, "बाई, तुमचं काय मत?" सांगावं की सांगू नये?

शिरोळकाठ

ताई, विषय काढलात हे फार बरं केलंत. मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवीचा वर्ग. २०२५ च्या जुलैअखेर नांदणी मठाची हत्तीण, महादेवी, सगळे माधुरी म्हणतात ती, न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत जामनगरच्या 'वनतारा' प्राणी केंद्रात नेली तेव्हा आमच्या भागात काय वातावरण होतं हे तुम्हाला सांगायला नको. मुलांच्या घरातली माणसं मोर्चाला गेलेली. मुलं वर्गात रडत होती. त्या दिवसांत गणिताचं पुस्तक उघडणं शक्यच नव्हतं, म्हणून म्हटलं, बोलूया.

सगळ्यांचं मत एकच होतं. एवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "गुर्जी, पर तिच्या पायाला जखमा होत्या म्हणत्यात. तिथं दवाखाना असंल तर?" अख्खा वर्ग तिच्यावर तुटून पडला. एकानं तर तिला गद्दार म्हटलं. सातवीतल्या पोराच्या तोंडी हा शब्द.

मी कुणाला रागावलो नाही. फळ्यावर तीन रकाने आखले: आपल्याला पक्कं माहीत आहे, आपण ऐकलंय, आपल्याला वाटतं. म्हटलं, तुमचं प्रत्येक वाक्य यातल्या कुठल्या रकान्यात जातं ते तुम्हीच सांगा. ती तीस वर्षांहून जास्त काळ मठात होती, हे पहिल्यात. उच्च न्यायालयानं तिच्या तब्येतीचं कारण देऊन हलवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला, हेही पहिल्यात. "तिथं तिला खायला घालत नाहीत" हे एकानं पहिल्यात टाकायला सांगितलं. बाकीच्यांनीच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "मोबाईलवर आलंय." ते दुसऱ्या रकान्यात गेलं. "ती आमची आहे" हे वाक्य कुठं लिहायचं यावर पंधरा मिनिटं गेली, आणि ती सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं होती. शेवटी तिसऱ्यात लिहिलं. एक पोरगा म्हणाला, "तिसऱ्यातलं खोटं नसतंय गुर्जी, ते फकस्त आपलं असतंय." मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

मग त्या मुलीचं वाक्य कुठं बसतं ते विचारलं. जखमांची गोष्ट न्यायालयासमोर आली होती. म्हणजे तिनं पक्क्या माहितीवरून प्रश्न विचारला होता. वर्गाचं मत बदललं नाही, मला ते बदलायचंही नव्हतं. माधुरी परत यावी असंच सगळ्यांना वाटत राहिलं. पण गद्दार म्हणणारा पोरगा मधल्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन डबा उघडून बसला होता.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर: मी माझं मत सांगत नाही. सातवीच्या मुलांपुढं गुर्जींनी मत सांगितलं की चर्चा तिथंच संपली.

प्रश्नचिन्ह

विषय महत्त्वाचा आहे हे मान्य. पण वस्तुस्थिती बघा. माझ्या वर्गात साठाच्या वर मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची, त्यात पाच मिनिटं हजेरीत जातात. प्रत्येकानं अर्धा मिनिट बोलायचं म्हटलं तरी तास संपला. दहावीचा पोर्शन दिवाळीनंतर लवकरात लवकर संपवायचा असतो, मग सराव परीक्षा. पालक विचारतात ते गुण. शिवाय हद्दवाढ, हत्ती असले विषय घेतले आणि एखाद्या पालकानं 'शाळेत राजकारण चालतं' म्हणून तक्रार केली तर मुख्याध्यापक तुमच्या पाठीशी उभे राहतात का, हेही लिहा. मी गणित शिकवतो. माझ्या विषयात मताला जागा नाही, उत्तर बरोबर असतं किंवा चूक. त्यामुळं हे भाषावाल्यांचं काम आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आजऱ्याची

पाटी_पेन्सिल मॅडम, तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे असं मला वाटतं. मुलं गप्प बसतात कारण कुणीतरी खिदळतं.

दहावीपर्यंत आजऱ्याकडं शिकले आणि अकरावीला शहरात आले. गावात मी पहिल्या बाकावरची, प्रश्न विचारणारी. इथं पहिल्याच आठवड्यात उत्तर द्यायला उठले आणि माझ्या बोलण्याच्या हेलावर मागून नक्कल सुरू झाली. उत्तर बरोबर होतं. ते कुणी ऐकलंच नाही, शिक्षकांनीही नाही, तेही हसले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात बोलले नाही. शहरातल्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, पुण्याचे लोक त्यांना हसतात, आणि त्याच मुली मला हसत होत्या.

बारावीला एक मॅडम आल्या. त्यांच्या तासाला असंच हसू उठलं तेव्हा त्यांनी कुणाला झापलं नाही, प्रमाण मराठीत बोल असंही म्हटलं नाही. माझं वाक्य मी बोलले तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि हसणाऱ्याला उभं करून विचारलं, "या वाक्यात काय म्हटलंय?" त्याला सांगावं लागलं. मग, "तुला पटतं का? का पटत नाही?" त्याला त्यावरही बोलावं लागलं. संपूर्ण वर्ग माझ्या वाक्यावर बोलत होता. त्या दिवशी हेल सगळ्यांच्या डोक्यातून गेला.

नुसतं 'हसू नका' म्हटलं की मुलं तोंडावर हात ठेवून हसतात. त्यांना त्या बोलण्यावर काम द्या.

जुना_खडू

निवृत्त मुख्याध्यापक आहे, करवीर आणि कागल तालुक्यांत नोकरी झाली. थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आपल्या गावात हा प्रश्न नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ ला अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा आदेश दिला. एका वर्गात बसायचा हक्क कायद्यानं मिळाला त्याला शंभर वर्षं उलटून गेली. पण एका वर्गात बसणं आणि एका वर्गात बोलता येणं यात अंतर आहे. नोकरीत असताना कुठल्याही वर्गात तपासणीला गेलो की मी एकच गोष्ट बघायचो: शिक्षक प्रश्न कुणाला विचारतात, आणि कुणाच्या उत्तरासाठी थांबतात. बहुतेक वर्गांत तीच चार-पाच पोरं. डॉक्टरांचा मुलगा, बाईंची मुलगी, सभापतींचा पुतण्या. ऊसतोड कामगाराचं पोर हंगामापुरतं वर्गात येतं, त्याला तर कुणी नावानंही हाक मारत नाही.

थांबण्याबद्दल एक सांगतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर उत्तरं लांब येतात, कारणं दिली जातात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. उद्या वर्गात मनातल्या मनात मोजून बघा, जीव कासावीस होतो. मी शिक्षकांना सांगायचो, प्रश्न विचारा आणि खिडकीपर्यंत चालत जाऊन परत या. तोपर्यंत तोंड बंद.

दुसरं उदाहरण घरचंच. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांनी प्रश्न विचारावेत, आपल्या अनुभवातून शिकावं, भीती आणि शिक्षा नसावी, यावर ती शाळा उभी राहिली. मोठी फी, चकचकीत इमारत यातलं काही लागलं नाही. त्यामुळं हे फक्त परदेशात किंवा श्रीमंत शाळांत जमतं असं कुणी म्हणू नये.

आणि प्रश्नचिन्ह सर, पालकांच्या तक्रारीचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, तो कायदा आठवीपर्यंतचा असला तरी, स्पष्ट लिहिलंय की मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवायचं आणि त्याला आपली मतं मोकळेपणानं मांडायला मदत करायची. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारतानं १९९२ मध्ये मान्यता दिली, कलम १२ हेच सांगतं. मी मुख्याध्यापक असताना अशा पालकांना वर्गात बोलावून मागच्या बाकावर बसवायचो. एका बाजूची तळी उचलली जात नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की बहुतेकांचं समाधान व्हायचं.

शिक्षकाच्या मताबद्दल मात्र शिरोळकाठ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. हत्तीण, हद्दवाढ यावर गप्प राहा, जरूर. पण एखादं पोर दुसऱ्याची जात काढून बोललं तर तिथं 'हेही एक मत' म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथं शिक्षकानं स्पष्ट बोललंच पाहिजे.

पेठेतला

मी मास्तर न्हाई, पालक हाय. शिवाजी पेठेत राहतो, पोरगं नववीत. सगळे प्रतिसाद वाचले, लई भारी चर्चा चाललीय.

आमच्याकडं फुटबॉल किती चालतो तुम्हाला माहीताय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या दोन तालमींचे संघ आमनेसामने आले की घरात दोन गट पडतात. पोरं लहानपणापासून 'आपली तालीम' शिकतात. त्यात वाईट काय न्हाई, मीही त्यातलाच. पण वर्गात विषय कुठलाही निघू दे, पोरगं आधी बघतंय की आपल्यातला कुठल्या बाजूला हाय. पाचगावच्या पोराला सगळी पेठ एकदम का बोलली, त्याचं कारण हे. जुना_खडू सर, तुम्ही म्हणता ती चार-पाच हुशार पोरं, ती मला पास न देता एकटीच गोलकडं पळणाऱ्या फॉरवर्डसारखी वाटतात. बाकीचे मैदानात असून नसल्यासारखे.

माझा प्रश्न येगळाच हाय. आमच्या पोराच्या शाळेत एक बाई असलं कायतरी घेतात. पोरगं घरी येऊन जेवताना आज्जाला म्हणालं, "आज्जा, तुम्ही हे कशावरनं म्हणताय?" म्हातारा ताटावरनं उठला. म्हणाला, शाळेत उलटं बोलायला शिकवत्यात. पोराची बोलायची पद्धत उर्मट नव्हती, मी समोर होतो. पण आमच्या घरात मोठ्याला कारण विचारायची पद्धतच न्हाई. मोठी माणसं बोलत असली की मधी बोलायचं न्हाई, हेच आम्ही शिकलो. शाळेत एक आणि घरात एक, पोरानं काय करायचं?

करवीरकन्या

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. पेठेतला दादा, तुमचा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात अवघड वाटतो. त्यावर शेवटी येते.

आधी प्रश्नचिन्ह सरांचं गणित. साठ मुलं एकामागून एक बोलली तर तास संपतो, खरंय. पण साठ मुलं जोडीजोडीनं बोलली तर एकाच वेळी तीस जण बोलतात आणि तीस जण ऐकतात. आधी एक मिनिट गप्प बसून वहीत दोन ओळी लिहायच्या, मग शेजाऱ्याला दोन मिनिटं सांगायचं, मग मोजक्या जोड्यांनी वर्गाला सांगायचं. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. बाक हलवावे लागत नाहीत, दहा मिनिटांत होते. मी त्यात एक बदल करायला सांगते: वर्गापुढं स्वतःचं मत सांगायचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. म्हणजे ऐकल्याशिवाय गत्यंतरच नाही. आणि जे पोर स्वतः उठून कधी बोललं नसतं त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून का होईना, वर्गापुढं येतं. बऱ्याचदा ते पोर मग स्वतःच म्हणतं, "तसं नाही बाई, मी असं म्हणालो होतो."

दुसरी पद्धत दोन वर्तुळांची. आतल्या वर्तुळात सहा-आठ मुलं चर्चा करतात, बाहेरची नुसती बघतात. मात्र बाहेरच्या प्रत्येकाला आतला एकेक जण वाटून दिलेला असतो. त्यानं काय मांडलं, कुणाला मध्येच तोडलं, कुणाच्या मुद्द्याला धरून पुढं बोलला, याची नोंद ठेवायची. चर्चा संपल्यावर ती नोंद त्याला वाचून दाखवायची. 'तू तिघांना मध्येच तोडलंस' हे शिक्षकांनी सांगितलं की मुलं मान खाली घालतात. वर्गमित्रानं वहीतून वाचून दाखवलं की पुढच्या वेळी सुधारतात.

मुलांना वाक्यं द्यावी लागतात, हेही लक्षात ठेवा. मतभेद सभ्यपणे मांडायची मराठी त्यांनी फारशी ऐकलेलीच नसते. टीव्हीवरच्या चर्चा ऐकतात, त्यात सगळे एकदम बोलतात. म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर वाक्यं लिहून भिंतीला लावतो. 'तुझं म्हणणं मला असं कळलं, बरोबर आहे का?' 'यातला पहिला भाग पटला, दुसऱ्याबद्दल शंका आहे.' 'हे कशावरून म्हणतेस?' 'मी आधी असं म्हणालो होतो, आता थोडं वेगळं वाटतंय.' हे शेवटचं वाक्य मुलं सगळ्यात उशिरा वापरतात. ज्या वर्गात ते ऐकू यायला लागतं तो वर्ग तयार झाला असं मी समजते.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थातही आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळासकट सांगायचं, आणि मगच उत्तर द्यायचं. पाटी_पेन्सिल ताईंचा नियम त्याच जातीचा आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा वेगळी, नुसतं जिंकण्यासाठी केलेली वेगळी आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायचं ती वेगळी, अशी फोड केलेली आहे. वादविवाद स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण वर्गातली चर्चा ही त्या स्पर्धेची तालीम नव्हे, हे मुलांना आधी सांगायला हवं.

आता दादांचा प्रश्न. शाळेतलं वाक्य घरी जसंच्या तसं नेलं की घरी ते टोचतं, हे खरंय. 'कशावरून म्हणताय?' हे वर्गमित्राला ठीक, आजोबांना तसं विचारू नये. 'आज्जा, तुमच्या वेळी असं काय झालं होतं, सांगा की' असं विचारलं तर प्रश्न तोच राहतो, आणि म्हातारा माणूस खुलतो. वयाचा मान ठेवून कारण कसं विचारायचं, हाही या शिकवण्याचा भाग आहे. मुलांना घरातल्या एका मोठ्या माणसाची अशी मुलाखत घ्यायला सांगा आणि वर्गात ती त्या माणसाच्या बाजूनं मांडायला सांगा.

पेठेतला

ताई, हे पटलं. आज्जाला विचारायला सांगतो, पंचगंगेच्या पुराचं. १९८९ चा पूर आणि २०१९ चा, दोन्ही बघितलेत त्यानं. सुरू झाला की थांबत न्हाई.

पाटी_पेन्सिल

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आजऱ्याची, तुझं वाक्य फळ्यावर लिहिणाऱ्या मॅडमची गोष्ट मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. शेजाऱ्याचं मत सांगण्याची पद्धत दोन्ही वर्गांत करून बघितली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी हजेरीलासुद्धा पुटपुटते, तिनं शेजारणीला सांगितलं होतं की गावसभेत बायका मागं बसतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, मग गाव शहरात गेलं काय आणि न गेलं काय, त्यांच्यासाठी काय बदलणार? शेजारणीनं हे उठून सांगितलं आणि हद्दवाढीच्या दोन्ही बाजूंना एकदम उत्तर सुचेना. ही तिसरी बाजू आजवर माझ्याही मनात आली नव्हती.

जुना_खडू सर, जातीबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्या वर्गाच्या नियमांत पहिलं लिहिलंय: माणसाला कमी लेखणारं बोलणं हे मत धरलं जाणार नाही. मात्र मुलाला तिथंच सोडून देत नाही. तास संपल्यावर थांबवून बोलते, कारण ते वाक्य बहुतेक वेळा त्यानं कुठूनतरी ऐकलेलं असतं.

माझ्या स्वतःच्या मताबद्दल असं ठरवलंय की चर्चेच्या दिवशी सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर सांगेन, कारणांसकट, आणि त्यातलं कच्चं कुठं आहे ते त्यांनाच शोधायला लावेन.

प्रश्नचिन्ह

मी वर लिहिलं होतं की गणितात मताला जागा नाही. करवीरकन्या मॅडमचा प्रतिसाद वाचून नववीत एक प्रश्न टाकला: प्रत्येक चौरस हा आयत असतो का? एक मिनिट लिहा, शेजाऱ्याला सांगा, मग शेजाऱ्याचं म्हणणं मांडा.

वर्ग दुभंगला. "आयताच्या बाजू लहान-मोठ्या असतात, चौरसाच्या सारख्या, मग तो आयत कसा?" असं म्हणणारे जास्त होते. दुसरी बाजू म्हणत होती, "आयताच्या व्याख्येत बाजू लहान-मोठ्या पाहिजेत असं लिहिलंय कुठं? चारही कोन काटकोन, एवढंच लिहिलंय." एकीनं पुस्तक उघडून व्याख्या वाचली. मग पहिल्या गटातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्ही चित्र बघून बोलत होतो आणि ते व्याख्या बघून बोलतायत." मी गप्प उभा होतो. उत्तर अर्थातच एकच आहे, प्रत्येक चौरस आयत असतो. पण चूक उत्तर देणारा नेमका कशामुळं चुकतो, हे या मुलांनी एकमेकांकडून ऐकलं. फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं तर मान डोलावून वहीत उतरवून घेतलं असतं. बारा मिनिटं लागली आणि पोर्शन मागं पडला नाही, कारण चौकोनांचे प्रकार मला तसेही शिकवायचेच होते. पुढच्या आठवड्यात ०.९९९… आणि १ समान आहेत का, हा घेणार आहे.

मोठ्या वादाच्या विषयांबद्दल माझी धास्ती कायम आहे, ते मी एवढ्यात घेणार नाही. पण हे काम फक्त भाषावाल्यांचं आहे, हे म्हणणं मागे घेतो.

शिरोळकाठ

सर, मनापासून आनंद झाला. ०.९९९ चं काय झालं ते नक्की लिहा.

सगळ्यांना एक विचारतो. गणपतीच्या आधी डॉल्बीचा विषय घ्यायचा विचार आहे. पोरांची बाजू आधीच ठरलेली, सगळी डॉल्बीवाली. दुसरी बाजू वर्गात आणायची कुठनं?

करवीरकन्या

गावातूनच. गल्लीतल्या एखाद्या आजारी माणसाशी, तान्ह्या बाळाच्या आईशी, हलगी-ढोलताशा वाजवणाऱ्याशी आणि डॉल्बी भाड्यानं देणाऱ्याशी, अशा चौघांशी मुलांनी आधी बोलून यावं. डॉल्बीवाल्याचंही पोट आहे, त्याचं ऐकायलाच हवं. तुमच्या 'पक्कं माहीत आहे' रकान्यात घालायला: ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून धरता येतो. मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप मिळतं, आकडा अगदी अचूक येत नाही, पण वर्गात आणि रस्त्यावर किती फरक पडतो ते मुलांना कळतं.

आजऱ्याची

आणि गुर्जी, ज्याला बोलायचं नाही त्याला 'आज नको' म्हणायची मुभा ठेवा. चिठ्ठीवर लिहून टाकायला एक डबा ठेवा, नाव न घालता. मला अकरावीत तसा डबा मिळाला असता तर मी रोज एक चिठ्ठी टाकली असती.

शिरोळकाठ

डबा ठेवतो. ताई, भिंतीवरच्या त्या वाक्यांची पूर्ण यादी इथं टाकाल का? आमच्या केंद्रातल्या बाकीच्या शाळांनाही देतो.

करवीरकन्या

रविवारी टाकते. सातवीसाठी थोडी सोपी करून टाकते, आणि तुमच्याकडच्या बोलीत ती कशी म्हणतील ते पोरांनाच विचारून तुम्ही बदलून घ्या. पुठ्ठा पोरांच्या हातानंच लिहून घ्या.